टपावरची फळी आणि मागून येणारा

पनवेलहून निघून कोकण, गोवा, कारवार, मंगळूर अशी किनाऱ्याची संगत धरीत थेट कन्याकुमारीपर्यंत जाणाऱ्या 66 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर, खाजगी मोटारीच्या टपावर उलटी बांधलेली, शेपटीशी फिन उभारलेली लांबट सर्फबोर्डाची फळी आताशा अधूनमधून दृष्टीस पडते. लाटेवर आरूढ होण्याचा हा खेळ मंगळुराजवळील मुल्कीस, चेन्नईच्या दक्षिणेस महाबलीपुरमला, केरळात वर्कला येथे आणि गोव्याच्या उत्तर किनाऱ्यावर रुजला, 2021 साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकात त्यास प्रथमच स्थान मिळाले, आणि चार दिवसांची सुटी व स्वतःची मोटार जवळ असलेल्या मुंबई-पुण्याच्या तरुणांनी तो उचलला, यात नवल काहीच नाही. नवल वाटते ते याचे, की फळी मोटारीवरून न्यावी कशी या प्रश्नाचा विचार आपल्याकडे दोनच ठिकाणी होतो : खरेदी करणाऱ्याच्या खिशात आणि दंड करणाऱ्याच्या पावतीपुस्तकात. त्या मोटारीच्या मागून दुचाकीवर येणारा मनुष्य या हिशेबात कोठेच नसतो, आणि माझ्या मते या प्रकरणातला मुख्य पक्षकार तोच आहे.

पूर्वी सामानाचा हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटलेला होता. ॲम्बॅसेडर व फियाट या मोटारींच्या टपाच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी पत्र्याची पन्हळ असे, तिच्यावर पकडी आवळून लोखंडी कॅरिअर बसवीत, आणि ट्रंका, वळकट्या, प्रसंगी शिवणयंत्रदेखील त्यावर चढवून कुटुंबे सुखरूप गावी पोहोचत. मुंबईतील अखेरच्या पद्मिनी टॅक्सीने 2023 च्या ऑक्टोबरात रजा घेईतो ते दृश्य पुरते लोपलेले नव्हते. आजच्या मोटारींना ती पन्हळ नाही, आणि पुष्कळशा लहान मोटारींच्या टपावर कॅरिअरची पकड बसेल अशी दुसरी कडही नाही. तेव्हा एक तर टपावर कायमचा सांगाडा जडवून घ्यावा, किंवा स्पंजाच्या दोन गाद्या टपावर आडव्या टाकून दारांतून फिरविलेल्या पट्ट्यांनी फळी त्यांवर बांधावी आणि काम झाले की सारे गुंडाळून डिकीत टाकावे. मी या दुसऱ्या मार्गाचा पक्षपाती आहे. रिकामा सांगाडा बारा महिने वारा अडवीत पेट्रोल खातो, हे एक कारण झाले. परंतु त्याहून वजनदार कारण असे, की तात्पुरती बांधणी प्रत्येक वेळी नव्याने करावी लागत असल्यामुळे ती करणाऱ्याचे हात प्रत्येक पट्ट्यावरून फिरतात, आणि कायमचे जडविलेले बोल्ट मात्र जडविणाऱ्या कारागिरावर हवाला ठेवून खुशाल विसरले जातात.

कायद्याचे मापही, माझ्या समजुतीने, याच बाजूस झुकते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करण्यास मनाई आहे, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईवर शिक्कामोर्तब केले. टपास भोके पाडून बसविलेला सांगाडा या मनाईच्या कक्षेत येतो किंवा कसे, यावर परिवहन कचेरीत हुज्जत घालता येईल. पण सोडून घडी करता येणारी गादी हा फेरफार नसून सामान आहे, हे कोणाही समंजस अंमलदारास पटावे. सामानाचा बंदोबस्त 2019 च्याच दुरुस्तीने कलम 194 मध्ये केलेला आहे : ओझे परवानगीच्या मर्यादेबाहेर बाजूस, पुढे, मागे वा उंचीत गेले तर 20,000 रुपये दंड, शिवाय ते उतरविण्याचा खर्च. नऊ फुटी फळी, म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर, टपाहून लांब असली तरी मोटारीच्या एकंदर लांबीत सहज मावते. सबब येथवर कोणाची तक्रार नसावी. तक्रार आहे ती अशी, की लांबी फितीने मोजता येते आणि गाठीची पकड फितीने मोजता येत नाही, म्हणून रस्त्यावरचा तपास लांबीपाशीच संपतो.

आणि धोका तर सगळा पकडीत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हवाईत वापरीत ती अखंड लाकडी फळी चाळीस-चाळीस किलोची असे, आणि केवळ स्वतःच्या भाराने जागा धरून बसे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात होबी आल्टर व गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमची फळी प्रचारात आणली, फळी एका माणसाच्या काखेत मावू लागली, आणि त्याबरोबरच ती वाऱ्याच्या हाती गेली. ताशी 100 किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 45 किलोग्रॅम भरतो. नऊ फुटी फळीचे क्षेत्रफळ चौरस मीटरहून अधिक आणि वजन अवघे सहा-सात किलो, त्यामुळे त्या दाबाचा लहानसा अंश जरी फळीस वर उचलण्याकडे वळला तरी ती टपावर नुसती ठेवलेली राहील हे संभवत नाही. वेग निम्म्यावर आणला की हा दाब चौथाईवर येतो, हे गणित शाळेत शिकून आपण महामार्गावर विसरतो.

तेव्हा बांधणीच पाहावी. फळी, उभे राहताना पाय घसरू नये म्हणून मेण चोळलेली तिची बाजू खाली करून ठेवतात, म्हणजे तिच्या टोकाचा बाक टपाकडे वळतो आणि वारा तिला उचलण्याऐवजी दाबतो. शेपूट पुढे व फिन वर, म्हणजे पट्टा सैल होऊन फळी मागे सरकलीच तर फिन पट्ट्यास अडकून थबकतात. पट्टा पॉलिएस्टरचा घ्यावा, कारण नायलॉन भिजले की ताणते. आणि दुचाकीच्या कॅरिअरवर आपण सर्रास वापरतो त्या रबरी हुकांची तर येथे गणतीच नको, कारण ताणणे हाच त्यांचा धर्म. बक्कल साधे, दाताखाली पट्टा धरणारे हवे. खटक्याखटक्याने आवळत जाणाऱ्या रॅचेटने ट्रकवरची लोखंडी सळई बांधावी, फळीचे काचतंतूंचे कवच त्याखाली चिरते. पट्टा टपावरून नेताना त्यास एकदोन पीळ द्यावेत, नाही तर वाऱ्यात तो जो सूर धरतो तो चिपळूणपर्यंत ऐकावा लागतो. पावसाळ्यात पट्ट्याच्या वाटेने पाणी आत झिरपते, म्हणून दाराच्या आत त्यास एक गाठ मारून पाणी आसनाऐवजी खालच्या पायपुसण्यावर गळेल अशी तजवीज करतात. ज्या मोटारीत दारांवर पडदेवजा एअरबॅग आहेत तिचे माहितीपुस्तक आधी वाचावे. दारावरच्या टपाच्या कडेखालून पट्टा नेण्यास मनाई लिहिलेली असेल तर ती निमूट मानावी. हे सारे करून झाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरांवर उतरून पुन्हा एकवार हात फिरवावा, कारण गादी तोवर दबून बसलेली असते, आणि आपल्या रस्त्यावरचे खड्डे उरलेली ढिलाई वसूल करून घेतातच.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात 2004 साली भाड्याच्या ट्रेलरवरून उडालेली लाकडी कपाटाची फळी मागच्या मोटारीची काच फोडून आत शिरली आणि चालविणाऱ्या तरुणीची दृष्टी गेली. पुढच्याच वर्षी तेथे सैल बांधलेल्या ओझ्याने इजा होणे हा फौजदारी गुन्हा ठरविण्यात आला. त्या तरुणीभोवती निदान मोटारीची काच तरी होती. आपल्याकडे मागून येतो तो दुचाकीस्वार, कित्येकदा मागे बायको व पुढे टाकीवर मूल घेऊन, आणि त्याने शिरस्त्राण घातलेच असेल याची खात्री कोणी देऊ नये.

फळी मोटारीच्या आत घालावी, असे सुचविणारे आहेत. सहा फुटी फळी पुढचे आसन पाडून खरेच मावते; पण बंद मोटारीतल्या मे महिन्याच्या उन्हात तिचे मेण आसनावर उतरते, थर्मोकोलच्या गाभ्याच्या फळीचे कवच फुगून सुटते, आणि ब्रेक दाबताच ती पुढच्या काचेकडे निघते. वर्षातून एकदा जाणाऱ्याने मुल्कीस किंवा गोव्यास फळी भाड्याने घ्यावी, हे उत्तम. आणि भाड्याने देणाऱ्यांनीही एवढे करावे : फळी मोडल्यास भरपाई म्हणून अनामत तर ते घेतातच, गिऱ्हाईक ती मोटारीवरून दुसऱ्या किनाऱ्यास नेणार असेल तर फळीबरोबर दोन पट्टे द्यावेत, आणि त्याने स्वतः बांधून दाखविल्याखेरीज मोटार फाटकाबाहेर जाऊ देऊ नये.