अंडे, केळे आणि वरण

शाळकरी मुलाच्या ताटात अंडे असावे की नसावे, हा वाद महाराष्ट्रात आहाराऐवजी आचाराच्या अंगानेच अधिक रंगतो. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि ते न खाणाऱ्यांना केळे, देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा स्वतंत्र निधी बंद झाला आणि हा भार लोकसहभागावर सोपविण्यात आला. या दोन्ही निर्णयांत प्रथिनांचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही.

तो हिशेब अवघड नाही. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात व त्यांपैकी नऊ आम्ले अन्नातूनच मिळवावी लागतात. अंडी, दूध, मासे व मांस यांत ती सर्व योग्य प्रमाणात असतात आणि ही प्रथिने सहज पचतात. ज्वारी-तांदळात लायसिन कमी पडते, तर डाळींत मेथिओनिन. एकाची उणीव दुसरे भरून काढते. म्हणूनच वरणभात किंवा भाकरी-पिठले ही जोडी शास्त्राच्या कसोटीस उतरते. शाकाहार त्यामुळे हीन ठरत नाही. अट एवढीच, की डाळ पुरेशी हवी.

नेमकी हीच अट शाळेत पाळली जात नाही. प्राथमिक वर्गांतील मुलामागे १०० ग्रॅम धान्य व अवघी २० ग्रॅम डाळ, असे प्रमाण ठरलेले आहे. त्या डाळीतून चार-पाच ग्रॅम प्रथिने मिळतात. एका अंड्यातून सुमारे सहा. केळ्यात मात्र जेमतेम एक ग्रॅम! अंड्याऐवजी केळे दिल्याने भावनांचा समतोल साधला जाईल, पोषणाचा नव्हे. याउलट २५ ग्रॅम शेंगदाण्यांतून अंड्याइतकीच प्रथिने मिळतात. दाण्यांत लायसिन कमी असते व बी-१२ जीवनसत्त्व मुळीच नसते; ही उणीव सोबतच्या पेलाभर दुधाने बऱ्याच अंशी भरून निघेल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये राज्यातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. त्यांपैकी बहुतेक मुले आज शाळेच्या पंक्तीत बसत आहेत. त्यांच्या वाट्याचे अंडे गावाच्या वर्गणीवर सोडणे म्हणजे जिथे गरज सर्वाधिक, तिथेच ते न मिळण्याची तजवीज करणे होय. कारण गरीब गावाची वर्गणीही गरीबच असते.

तेव्हा अंडे खाणाऱ्यास ते शासनाच्या खर्चाने मिळावे, न खाणाऱ्यास केळ्याऐवजी दाण्याचा लाडू व दूध मिळावे आणि दोघांच्याही वरणातील डाळ वाढावी. कोणी काय खावे, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. ताटात प्रथिने किती पडावीत, हे ठरविण्याची जबाबदारी मात्र शासनाची आहे.