उजेडाचे बटण कोणाच्या हाती?

नीरा सूर्योदयापूर्वी प्यावी, ऊन चढले की तिची ताडी होते, हे आपल्या वसई-विरारकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. बोल लागतो उन्हाला. करणी असते यीस्टची. उन्हाची ऊब त्या करणीला फक्त वेग देते.

परंतु २०१८ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी जनुके बदलून खरोखरच उजेडाचे ऐकणारे यीस्ट तयार केले. निळ्या प्रकाशात ते वाढते. अंधार केला की वाढ आवरून आयसोब्यूटेनॉल हे इंधनोपयोगी रसायन बनवू लागते.

‘हे सायन्सवाल्यांचे काम’ असे म्हणून आपण कलाशाखेचे विद्यार्थी मोकळे होतो. मला हे पटत नाही. ताडावरच्या मडक्यात आपसूक शिरणाऱ्या यीस्टला कोणी मालक नाही. माणसाने घडवलेल्या सूक्ष्मजीवाला मात्र असू शकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली आनंद चक्रवर्ती यांच्या जीवाणूवर पेटंट मान्य केले आणि २००२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यातही ती वाट मोकळी झाली.

मग बटण कोणाच्या हाती, नफा कोणाचा, देखरेख कोणाची? हे प्रश्न अर्थशास्त्राचे, राज्यशास्त्राचे, नीतिशास्त्राचे, म्हणजे आपलेच आहेत. येत्या वर्षी वादसभेत हा विषय घ्यावा, अशी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे.