गळका हौद आणि एक बादली

दुबईत घरामागे स्विमिंग पूल आहे म्हटलं की भारतातल्या मित्रांच्या डोळ्यांसमोर शेखांचा थाट उभा राहतो. तसं काही नाही हो! भाड्याच्या घराबरोबर तो गळ्यात पडतो. आठ मीटर बाय चार मीटर. मी त्याला हौदच म्हणतो. पोहणं कमी, उस्तवार जास्त. गेल्या उन्हाळ्यात या हौदाचं पाणी रोज अडीच सेंटिमीटर उतरायला लागलं.

शेजारी म्हणाले, "ऊन बघा केवढं, उडणारच पाणी." देखभालीचा कंत्राटदार म्हणाला, "हौद रिकामा करून फरशी उखडावी लागेल." मोजलं मात्र दोघांनीही काही नव्हतं. इथल्या उन्हाळ्यात रोज सेंटिमीटरभर पाणी सहज उडतं, त्यामुळे गळती त्याच्याच नावावर महिनोन्महिने खपते. आणि हौद रिकामा करणं धोक्याचं. किनाऱ्याजवळ भूजल फार वर असतं. आतल्या पाण्याचं वजन गेलं की अख्खा हौद खालच्या दाबाने उचलला जाऊ शकतो.

यावर उपाय एक बादली. बुडाशी दगड ठेवून ती हौदाच्या पायरीवर ठेवायची. हौदाचंच पाणी आत आणि बाहेर एकाच पातळीला येईल इतकं भरायचं. दोन्हीकडे खूण करून चोवीस तास थांबायचं. दोघांना ऊन तेच, वारा तोच, दमटपणा तोच. बादलीतलं उतरलं ते उडालं, हौदात त्याहून जास्त उतरलं ती गळती. प्रयोगशाळेत आम्ही यालाच 'कंट्रोल' म्हणतो. परदेशातली डॉक्टरेट शेवटी बादलीपाशी आली, असं बायको म्हणते. असो.

बादलीत एक सेंटिमीटर, हौदात अडीच. म्हणजे दीड सेंटिमीटर, रोज ४८० लिटर, गळत होतं. मग एक दिवस पंप चालू ठेवला, एक दिवस बंद. फरक पडला नाही, तेव्हा पाइपांवरचा संशय कमी झाला. नंतर पंप बंदच ठेवून वरून पाणी घालणं थांबवलं. पातळी उतरत उतरत स्किमरच्या, म्हणजे पाला-कचरा ओढून घेणाऱ्या चौकोनी तोंडाच्या, खालच्या कडेपाशी आली आणि तिथून पुढे बादलीच्याच वेगाने उतरू लागली. चोर सापडला! पाणी पुन्हा थोडं वर घेऊन तिथे खायच्या रंगाचे चार थेंब सोडले. प्लास्टिकचं तोंड आणि काँक्रीटची भिंत यांच्यामधल्या फटीत रंगाची रेघ सरळ ओढली गेली. पातळी पुन्हा खाली आणली, फट खरवडून एपॉक्सी पुट्टी भरली आणि बादलीची परीक्षा पुन्हा घेतली. दोन्ही खुणा सारख्या. एकही फरशी फुटली नाही.

तुम्ही म्हणाल, ४८० लिटरचं काय एवढं कौतुक? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, त्या पहिल्या खेपेत साधारण पाच लाख लिटर होतं. माझ्या हौदाच्या फटीने तेवढं तीन वर्षांत गिळलं असतं. इथे तर पाणी समुद्रातलं मीठ काढून मिळवायचं. रिव्हर्स ऑस्मोसिसने हजार लिटरला तीन-चार युनिट वीज लागते.

म्हणूनच इथे हिशेब ठेवतात. दुबईच्या वीज-पाणी प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार १९८८ मध्ये ४२ टक्के पाणी वाटेतच हरवत होतं. २०२४ मध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत होतं. आपल्या मुंबईत रोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी येतं आणि महापालिकेच्याच अंदाजाने त्यातल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचा हिशेब लागत नाही. त्यात चोरीही आहे, म्हणजे ते कुणाच्या तरी घशाखाली जातं, हे मान्य. तरी उरलेलं कुठे जातं? आणि बेत चालला आहे गारगाई धरणाचा. त्यातून रोज ४४० दशलक्ष लिटर मिळणार, आणि त्यासाठी पालघर जिल्ह्यातली गावं आणि जंगल बुडणार.

शहराच्या गळतीलाही बादलीची परीक्षा असते. पहाटे तीनला सगळे झोपलेले असताना एखाद्या भागाच्या नळातून जे पाणी वाहतं, त्यातलं बहुतेक गळतीचं. पण त्यासाठी नळाला चोवीस तास पाणी हवं आणि भागाभागाला मीटर हवा. आपण पाणी दोन-चार तास सोडतो. रात्री बहुतेक नळ कोरडेच असतात, म्हणजे ही परीक्षा घेताच येत नाही. वर रिकामी नळी त्याच फटींतून गटाराची घाण आत ओढते, ती वेगळीच.

गारगाई कधीच बांधू नये असं मी म्हणत नाही. पण आधी मोजा. मोजण्याआधी धरण बांधणं म्हणजे बादली न ठेवताच फरशी उखडणं. फरक इतकाच, की फरशी माझ्या घरमालकाची होती; गारगाईत जी उखडली जातील ती माणसांची घरं आहेत.