गार आणि गारगोटी

समजा राळेगावच्या एका शाळेत खनिजांचं प्रदर्शन भरायचं आहे. गुरुजींनी सांगितलं, "प्रत्येकाने एकेक खनिज आणा." दुसऱ्या दिवशी टेबलावर काय काय जमलं पाहा! कपाशीच्या वावरात सापडलेली गारगोटी, विहिरीच्या खोदकामातला काळा दगड, सैंधवाचा खडा, खडीसाखर, फुटक्या बांगडीची काच आणि वणीच्या मामांनी दिलेला दगडी कोळसा. यातली खनिजं कोणती?

'खनि' म्हणजे खाण, 'ज' म्हणजे जन्मलेलं. पण नुसत्या नावावर जाऊ नका. शास्त्रज्ञ पाच प्रश्न विचारतात. पदार्थ निसर्गात आपोआप तयार झाला का? तो घन आहे का? सजीवांच्या शरीरापासून बनलेला नाही ना? त्याची रासायनिक घडण ठरलेली आहे का? आणि त्याचे अणू कवायतीच्या रांगांसारखे नेमके रचलेले, म्हणजे स्फटिकरूप आहेत का?

गारगोटी पाचही प्रश्नांत पास! ती आहे क्वार्ट्झ. सिलिकॉनच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन. सैंधवही पास. खडीसाखरेचे स्फटिक कितीही सुंदर असले तरी साखर उसाची आणि कारखान्यातली, म्हणून नापास. काच माणसाने बनवलेली, शिवाय तिचे अणू जत्रेतल्या गर्दीसारखे कसेही उभे. तीही बाद.

काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हापासून तो बनला. पण त्यात एक नाही, अनेक खनिजं मिसळलेली असतात. म्हणून तो 'खडक'. चिवडा आणि त्यातला शेंगदाणा यांत जो फरक, तोच खडक आणि खनिजात!

राहिला कोळसा. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची झाडंझुडपं गाडली जाऊन तो तयार झाला. मूळ सजीवांचं, घडण ठरलेली नाही, स्फटिकरचनाही नाही. गुरुजींनी तो बाजूला ठेवला, तशी कोळसा आणणारी मुलगी रडवेली झाली. "पण गुरुजी, माझे मामा तर खाणीतच कामाला आहेत!"

तिचंही चुकलं नाही, बरं का! 1957 च्या खाणी आणि खनिजांच्या कायद्यात कोळसा खनिजच आहे. इतकंच काय, बांधकामाची वाळू आणि मुरूमही 'गौण खनिज' आहेत. जमिनीतून काय काढलं, त्याचा परवाना कोणाकडे, सरकारला स्वामित्वधन किती द्यायचं, हे कायद्याला ठरवायचं असतं. शास्त्रज्ञाला मात्र अणूंची रचना पाहायची असते. दोघांची कामं वेगळी, म्हणून व्याख्याही वेगळ्या. उत्तर लिहिताना प्रश्न कोणाचा, हे आधी ओळखा. गुरुजींनी कोळसा पुन्हा टेबलावर ठेवला आणि चिठ्ठी लावली: 'कायद्याने खनिज, शास्त्राने नाही.'

एक मुलगा मात्र रिकामी वाटी घेऊन कोपऱ्यात उभा होता. "काल गारा पडल्या ना गुरुजी, त्यातली एक ठेवली होती. तिचं पाणी झालं."

सगळे हसले. गुरुजी मात्र हसले नाहीत. आभाळातून पडणारी गार निसर्गात तयार होते, घन असते, तिची घडण ठरलेली आणि रचना स्फटिकाची. म्हणजे खाणीचं तोंडही न पाहिलेली गार हे अस्सल खनिज! वितळली की मात्र नाही. आणि फ्रीजमधला बर्फ? तो आपण बनवलेला, म्हणून तोही नाही.

आता तुमच्या घरातल्या दहा वस्तू घ्या आणि हेच पाच प्रश्न विचारा. पास किती होतात, आई-बाबांसोबत मोजा!