‘साबर बोंडं’ : न पाहताच नाकारलेला चित्रपट

१९ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन पितृपक्षात, रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ प्रदर्शित झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात विश्वचित्रपट विभागाचे परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक त्याने मिळविले होते. पनवेलमधील आमच्या परिचयातील बहुतेक कुटुंबांनी मात्र तो पाहिला नाही. ‘तसल्या विषयावरचा आहे’, एवढे एकच वाक्य त्यांना पुरले.

वडिलांच्या निधनानंतर मुंबईतील आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. लग्नाचा तगादा सोसणारा बालमित्र बाळ्या त्याला तेथे भेटतो आणि दोघांत प्रेम जुळते. यात ज्यांना परंपरेविरुद्धचे बंड दिसते, त्या पुरोगामी मंडळींनी तो डोळे उघडून पुन्हा पाहावा. पित्याच्या उत्तरक्रियेची येथे कुठेही टवाळी नाही. आप्तेष्टांनी भरलेले घर, सुतकाचे नियम, दहाव्याची तयारी हे सारे कॅमेरा शांतपणे पाहत राहतो. पार्श्वसंगीताचा आधारही घेत नाही. पनवेल-कळंबोलीत स्थिरावलेल्या आणि दहाव्याला एसटीने घाटावर धावणाऱ्या कुणालाही हे घर अनोळखी वाटणार नाही. जयश्री जगताप यांनी साकारलेली, मुलाचे मन जाणणारी आई तर आपल्याच आळीतली वाटते. हिंदू कुटुंबाचे इतके सच्चे चित्रण अलीकडे किती चित्रपटांनी केले?

दोषही आहेत. गती काही ठिकाणी संयमाची परीक्षा पाहते. त्याहून मोठा दोष असा की, लग्नाविषयी विचारणारे नातलग बहुतांशी टोचणी लावणारेच राहतात. वंश पुढे कसा चालेल, म्हातारपणी कोण पाहील, पितरांना पाणी कोण देईल, या प्रश्नांमागे हिंदू गृहस्थाची खरी चिंता असते. त्यांना भारदस्त वाणी दिली असती, तर आनंदचा निर्धारही अधिक कसाला लागला असता. दिग्दर्शकाने येथे सोपी वाट धरली.

परंतु न पाहणाऱ्याला हा दोष दाखविण्याचा अधिकार कसा मिळेल? जानेवारी २०२३ मध्ये ‘पाञ्चजन्य’ व ‘ऑर्गनायझर’ यांना दिलेल्या मुलाखतीत सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी जरासंधाचे सेनापती हंस व डिंभक यांचा दाखला देऊन, अशा व्यक्तींनाही आपण समाजाचा भाग आहोत असे वाटले पाहिजे, ही भूमिका मांडली होती. समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला, तेव्हा आपण समाधान व्यक्त केले. ते योग्यच होते. मात्र विवाहाचा प्रश्न न्यायालयात मिटला, म्हणून घरातला मुलगा मिटत नाही. कुटुंबप्रबोधनाच्या बैठकांत आपण संवादावर तासन्‌तास बोलतो. आनंदसारखा एखादा तरुण त्याच बैठकीत मागच्या सतरंजीवर बसलेला असेल, तर ‘तसल्या विषयावरचा’ हे आपले शब्द त्यानेही ऐकलेले असतात.