फर्मान आणि पेटी

राज्यघटना कुणी दिली? वाचक चटकन म्हणतील, ‘लोकांनी!’ मग लोहाऱ्याचे काय? आज धाराशिव जिल्ह्यात असलेला हा गाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. पण घटना समितीत हैदराबादचा एकही प्रतिनिधी बसला नाही. तेथे घटना मान्य झाली ती २३ नोव्हेंबर १९४९ च्या निजामाच्या फर्मानाने! प्रजासत्ताकाला राजाची मोहोर, ही गंमतच म्हणायची. सत्तेचा उगम लोकांच्या संमतीत, असे लॉक आणि रूसो सांगून गेले. लोहाऱ्याला ती संमती विचारली गेली १९५२ च्या निवडणुकीत. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, तिच्यावर चिन्ह. सही न येणाऱ्या म्हातारीनेही चिन्ह ओळखून आपला कागद आत सोडावा, अशी ती सोय होती.