दोष सिद्ध केल्याशिवाय सुटका का नाही?

१९७८ साली लग्न झालेल्या एका इंग्रज बाईंनी २०१५ मध्ये घर सोडले. पुन्हा नांदायचे नाही, हे त्यांचे पक्के होते. नवरा मात्र घटस्फोटाला तयार नव्हता आणि त्याचे वागणे कायद्याच्या लेखी पुरेसे वाईट ठरले नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नाइलाजाने त्यांचे अपील फेटाळले. विभक्त राहण्याची पाच वर्षे भरेपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत त्यांना थांबणे भाग होते. ओवेन्स खटल्याच्या या निकालानंतर कायदा बदलण्याच्या मागणीने जोर धरला. ६ एप्रिल २०२२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कोणाचाही दोष दाखवावा लागत नाही. संसार मोडल्याचे एकाचे निवेदन पुरते.

भारतात ती सोय अजून नाही.

हिंदू विवाह कायद्याचे कलम १३ कारणे मागते: व्यभिचार, क्रूरता, किमान दोन वर्षे टाकून जाणे, धर्मांतर वगैरे. कुष्ठरोग हेही त्यातले एक कारण होते; ते २०१९ मध्ये वगळले गेले. परस्परसंमतीचा मार्ग १९७६ च्या दुरुस्तीने खुला झाला, पण तिथे दोघांची सही लागते आणि अंतिम हुकूमनाम्यापर्यंत संमती मागे घेता येते. एकजण अडून बसला की उरते ती क्रूरता. मग दहा वर्षांपूर्वीची भांडणे अर्जात उतरतात, सासू-सासऱ्यांची नावे येतात, पलीकडूनही तसेच उत्तर येते. मुलांचा ताबा पुढे याच दोघांनी समजुतीने सांभाळायचा असतो, हे विशेष क्लेशदायक आहे.

पुन्हा सांधता न येणारे लग्न हे स्वतंत्र कारण मानावे, असे विधी आयोगाने १९७८ मध्ये सुचवले आणि २००९ मध्ये पुन्हा सांगितले. नवीन कोहली खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राला तसा विचार करायला सांगितले. राज्यसभेने २०१३ मध्ये विधेयक मंजूर केले. पुढे ते बारगळले. १ मे २०२३ ला घटनापीठाने अनुच्छेद १४२ खाली असा घटस्फोट देता येतो, असे ठरवले. पण तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयालाच काय, मुंबई उच्च न्यायालयालाही तो नाही. दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत नसलेल्यांनी काय करायचे?

या बदलाला विरोध करणाऱ्यांची भीती मात्र खरी आहे. वीस वर्षे घर सांभाळलेल्या, स्वतःची कमाई नसलेल्या बाईला नवरा सहज बाहेर काढील. म्हणूनच दोषाची अट काढताना पैशाची बाजू आधी बांधून घेतली पाहिजे. २०१३ च्या विधेयकात आर्थिक हलाखीच्या कारणावरून पत्नीला विरोध करण्याची मुभा होती, ती योग्यच होती. मात्र तेवढ्याने भागणार नाही. गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नी दोघेही मालमत्तेचे निम्मे-निम्मे धनी असतात. उरलेल्या भारतात घटस्फोटित बाईला पोटगीसाठी तारखांवर तारखा घ्याव्या लागतात. संसदेने ते विधेयक पुन्हा आणावे, आणि लग्नानंतर उभ्या राहिलेल्या घरादारात पत्नीचा निम्मा वाटा त्याच कायद्यात लिहावा.